ड्रीमवीव्हरमधील जुने मराठी संकेतस्थळ नव्या आवृत्तीत आणताना

गावोगावची वाचनालये, शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि उत्सव मंडळे यांची कितीतरी मराठी संकेतस्थळे २००३ ते २०१० च्या सुमारास ड्रीमवीव्हर या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये तयार झाली. हे काम करणारा बहुधा एकच हौशी माणूस असे. तो पुढे नोकरीनिमित्त परगावी गेला आणि मागे उरली एक सीडी, एक फोल्डर आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला पासवर्ड. आज ‘तुला संगणकातले कळते ना’ असे म्हणत ज्याच्या गळ्यात ते संकेतस्थळ घातले जाते, त्या नवख्यासाठी हा लेख लिहिला आहे.

मॅक्रोमीडिया कंपनीने १९९७ मध्ये ड्रीमवीव्हर बाजारात आणले, २००५ च्या अखेरीस ती कंपनी ॲडोबीने विकत घेतली आणि २००७ च्या सीएस३ पासून ड्रीमवीव्हर ॲडोबीच्या संचाचा भाग म्हणून येऊ लागले. आपल्या हाती आलेले काम बहुतेक वेळा एमएक्स २००४, ड्रीमवीव्हर ८ किंवा सीएस३ यांपैकी एखाद्या आवृत्तीत केलेले असते. ती आवृत्तीच पुन्हा संगणकावर चढवू, हा विचार मनात येतो. परंतु सीएस३ ला सक्रियता देणारे सर्व्हर ॲडोबीने केव्हाच बंद केले आहेत आणि मॅकच्या २०१९ नंतरच्या प्रणालींवर ३२-बिट प्रोग्रॅम मुळात चालतच नाहीत. म्हणजे वर्गणी भरून मिळणारी नवी आवृत्ती घेण्यावाचून गत्यंतर नसते. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. संकेतस्थळ पाच-सहा पानांचेच असेल, तर केवळ त्यासाठी वर्गणी भरू नये. साध्या कोड संपादकात ते नव्याने लिहून काढणे स्वस्त आणि सोपे पडते. पाने चाळीस-पन्नास असतील आणि ती ड्रीमवीव्हरच्या टेम्पलेटवर, म्हणजे अनेक पानांच्या सामाईक साच्यावर, बेतलेली असतील, तरच पुढचा खटाटोप सार्थकी लागतो.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. जुन्या पानांचा सांगाडा, म्हणजे फोल्डरांची रचना, टेम्पलेट आणि दुवे, नव्या आवृत्तीत आश्चर्य वाटावे इतका शाबूत चालतो. कालबाह्य होते ती त्यावरची सजावट. त्यामुळे सांगाडा जपून सजावट उतरवावी, असा एकंदर बेत ठेवावा. मात्र सजावट उतरवण्याची घाई केली, तर मजकूर वाचण्याची किल्लीही तिच्याबरोबर फेकली जाते. ते कसे, हे लिपीच्या टप्प्यावर कळेल.

पहिले पाऊल: नक्कल

सीडीवरील फाइलींवर विश्वास ठेवू नये. सीडीवर ‘फायनल’ असे ठळक लिहिलेले असले, तरी त्यानंतर कोणीतरी थेट सर्व्हरवर जाऊन दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो, कार्यकारिणीची यादी बदललेली असते. म्हणून प्रथम सर्व्हरवरील संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावे, त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून तिला पुन्हा हात लावू नये आणि दुसऱ्या प्रतीवर काम करावे. सीडीचा उपयोग वेगळाच आहे. टेम्पलेटच्या मूळ फाइली आणि फायरवर्क्स या चित्रे करण्याच्या प्रोग्रॅममधील मूळ चित्रे सर्व्हरवर अनेकदा चढवलेलीच नसतात, ती सीडीवर सापडतात.

फोल्डरांमध्ये जागोजागी अधोरेषेने सुरू होणारी ‘नोट्स’ नावाची छोटी फोल्डरे दिसतील. ती कचरा समजून पुसू नयेत. त्यांत ड्रीमवीव्हरच्या डिझाइन नोट्स असतात आणि पानावरचे अमुक चित्र कोणत्या मूळ फायरवर्क्स फाइलीतून काढले, याची नोंद त्यांत मिळू शकते. या फाइली साध्या मजकूर संपादकात उघडतात. पुढे एखादे बोधचिन्ह स्पष्ट हवे असेल, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

साइटची नोंद

ड्रीमवीव्हरमध्ये एखादी सुटी फाइल उघडून काम सुरू करणे, ही नवख्याची पहिली चूक असते. ड्रीमवीव्हरला फाइलीआधी ‘साइट’ ठाऊक असावी लागते, म्हणजे संकेतस्थळाचे मूळ फोल्डर कोणते आणि सर्व्हर कुठे आहे, हे त्याला सांगावे लागते. जुन्या माणसाने ही नोंद निर्यात करून ठेवली असेल, तर एसटीई हा प्रत्यय असलेली फाइल सापडेल. ‘साइट’ मेनूतील ‘मॅनेज साइट्स’ मधून ती आयात करता येते. ती आयात झाली नाही तरी बिघडत नाही, कारण ती मुळात एक्सएमएल स्वरूपाचा मजकूर आहे आणि सर्व्हरचा पत्ता व तेथील फोल्डरचा मार्ग तिच्यातून वाचता येतो. निर्यात करताना पासवर्डही जतन केला असेल, तर तो सहज उलगडता येईल अशा रूपात तिच्यात असतो. तेव्हा होस्टिंगचा पासवर्ड त्याच दिवशी बदलून टाकावा.

नोंद नव्याने करावी लागली, तर मूळ फोल्डर निवडताना दक्ष राहावे. ‘टेम्पलेट्स’ आणि ‘लायब्ररी’ ही दोन फोल्डरे ज्या फोल्डरच्या पोटात थेट आहेत, तेच मूळ फोल्डर होय. एक पायरी वरचे किंवा खालचे फोल्डर निवडले, तर पाने उघडतात, नीट दिसतातही, परंतु टेम्पलेटशी असलेले त्यांचे नाते तुटते आणि हा घोळ लक्षात यायला आठवडा लागतो. त्याच खिडकीतील ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ मध्ये दुव्यांची तपासणी मोठ्या-लहान रोमन अक्षरांचा भेद पाळून करण्याचा पर्याय आहे, तोही चालू करावा. विंडोजला हा भेद कळत नाही, लिनक्स सर्व्हरला कळतो. घरी दिसणारे छायाचित्र सर्व्हरवर दिसेनासे होण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

ओळखीची खिडकी परत मिळवणे

जुन्या पुस्तिकेत ‘मॉडिफाय मेनूत जा’ असे लिहिलेले असते आणि नव्या आवृत्तीत तो मेनूच नसतो. २०१७ च्या आवृत्तीत मेनूंची फेररचना झाली. पानाचे गुणधर्म आता ‘फाइल’ मेनूत आहेत, तर टेम्पलेट, लायब्ररी आणि एचटीएमएल स्वच्छ करण्याची आज्ञा ‘टूल्स’ मेनूत आहेत. खालची गुणधर्मांची पट्टी सुरुवातीला दिसत नाही; ‘विंडो’ मेनूतील ‘प्रॉपर्टीज’ निवडले की ती परत येते. कार्यक्षेत्राच्या यादीतून ‘डेव्हलपर’ ऐवजी ‘स्टँडर्ड’ निवडल्यास मांडणी जुन्यासारखी वाटू लागते.

याहून मोठा फरक ‘लाइव्ह’ आणि ‘डिझाइन’ या दोन दृश्यांचा आहे. पान खऱ्या ब्राउझरसारखे दाखवणारे लाइव्ह दृश्य सीएस४ पासून आले आणि आता पाने बहुधा त्यातच उघडतात. पानाच्या वरच्या पट्टीतील यादीतून डिझाइन दृश्य अजूनही निवडता येते. मात्र त्याला आजच्या सीएसएसमधील, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेतील, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडण्या धड कळत नाहीत. म्हणून जुनी पाने वाचायला आणि मजकूर उचलायला डिझाइन दृश्य वापरावे आणि नवी मांडणी पाहायला लाइव्ह दृश्य. डिझाइन दृश्यात नवी मांडणी विस्कटलेली दिसली, तर ती दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये.

लिपी

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत अर्धे काम या टप्प्यावर असते, आणि परदेशी मार्गदर्शिकांत याबद्दल अवाक्षरही नसते.

जुने पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा काला दिसत असेल, तर ते पान युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फॉण्टात टंकलेले आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकच्या आयएसएम या टंकन-प्रणालीबरोबर येणारे डीव्हीबी-टीटी मालिकेतील फॉण्ट, शिवाजी मालिकेतील फॉण्ट अशी कितीतरी नावे या काळात प्रचलित होती. या फॉण्टांत ‘क’ हे अक्षर क म्हणून साठवलेलेच नसते. संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते, फक्त त्याचे चित्र क चे असते. वाचकाच्या संगणकावर तो फॉण्ट नसला की चित्र जाते आणि चिन्ह उरते. त्यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टची ईओटी ही पानाबरोबर फॉण्ट पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली गेली, परंतु ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररला समजत असे आणि तो ब्राउझर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे आणि त्यात क हा क च असतो. तेव्हा सारा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे अटळ आहे. येथे नवखा माणूस पानाच्या गुणधर्मांत जाऊन एन्कोडिंगसमोर, म्हणजे अक्षरे फाइलीत साठवण्याच्या पद्धतीसमोर, ‘यूटीएफ-८’ हे युनिकोडचे रूप निवडतो आणि काम झाले असे समजतो. त्याने काहीच साधत नाही. एन्कोडिंग बदलल्याने ती युरोपीय अक्षरे यूटीएफ-८ मध्ये साठवली जातात, एवढेच; ती मराठी होत नाहीत. मजकुराचे रूपांतर आणि पानाचे एन्कोडिंग ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

रूपांतरासाठी त्या त्या फॉण्टाचेच रूपांतरक वापरावे लागते. श्री-लिपीची अक्षररचना निराळी, डीव्हीबीची निराळी, शिवाजीची निराळी. एका मालिकेचे रूपांतरक दुसऱ्या मालिकेच्या मजकुराला लावले, तर अर्धवट मराठीसारखा दिसणारा आणि म्हणूनच अधिक फसवा मजकूर हाती येतो. पानावरचा कोणता परिच्छेद कोणत्या फॉण्टात आहे, याची साक्ष एकाच ठिकाणी मिळते: कोडमधील जुन्या ‘फॉण्ट’ टॅगमध्ये किंवा त्या परिच्छेदाला लावलेल्या शैलीत. म्हणूनच रूपांतर पूर्ण होईपर्यंत हे टॅग काढू नयेत. ‘टूल्स’ मेनूतील ‘क्लीन अप एचटीएमएल’ ही आज्ञा एका फटक्यात सारे फॉण्ट टॅग काढून पान स्वच्छ करू शकते, आणि तिचा मोह सगळ्यांनाच होतो. पण रूपांतराआधी ती चालवली, तर मराठी कुठे संपते आणि इंग्रजी कुठे सुरू होते, हेसुद्धा कळेनासे होते. पानावर मध्येच ‘एरिअल’ फॉण्टात लिहिलेला इंग्रजी पत्ता असतो. तो सरसकट रूपांतरकात गेला की त्याचीही निरर्थक देवनागरी होऊन बसते.

मजकूर उचलताना तो कोड दृश्यातून घेऊ नये. जुन्या ड्रीमवीव्हरला स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे कोडमध्ये सांकेतिक नावांनी लिहायची सवय होती, आणि रूपांतरकाला ती नावे ओळखता येत नाहीत. डिझाइन दृश्यातून एकेका फॉण्टातील मजकूर निवडून तो साध्या मजकूर संपादकात उतरवावा, तेथून रूपांतरकात घालावा आणि आलेले युनिकोड पुन्हा पानावर त्याच जागी ठेवावे. काम कंटाळवाणे आहे. दिवसाला चार-पाच पाने हा वेग धरावा आणि झालेल्या पानांची यादी कागदावर ठेवावी.

त्यानंतरचे मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावे लागते. रूपांतरके ठरावीक ठिकाणी चुकतात. जुन्या फॉण्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरांवरील वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचे तसेच होते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील चंद्रकोरीसारखा अर्धा र आणि रफार यांची अदलाबदल होते, आणि शब्द दोन्ही बाजूंनी खरा असल्यामुळे वाचतानाही चूक नजरेतून निसटते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधीची रूपांतरके अ आणि चंद्र वेगवेगळे लिहून ते जुळवतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, परंतु शोधताना ‘ॲड.’ सापडत नाही. यासाठी ‘फाइंड अँड रिप्लेस इन फाइल्स’ ही सुविधा वापरावी: संपूर्ण साइटमध्ये आधी मोकळी जागा आणि तिच्यामागे लगेच वेलांटी असा शोध घ्यावा, मग अ आणि चंद्र या जोडीचा, मग स्वरचिन्हे लावलेल्या उरल्यासुरल्या युरोपीय अक्षरांचा. ‘सर्व बदला’ हे बटण मात्र पाच-दहा जागी स्वतः पाहून खात्री पटल्यावरच दाबावे.

मजकूर बदलल्यावर पानाच्या गुणधर्मांत यूटीएफ-८ निवडावे. तेथेच युनिकोडची सही, म्हणजे बीओएम, जोडण्याचा एक चौकोन असतो. तो मोकळाच ठेवावा, कारण सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेतील फाइलींच्या आरंभी ही अदृश्य सही राहिली की कधी पानाच्या माथ्यावर विचित्र रिकामी जागा उमटते, तर कधी थेट त्रुटीचा संदेश येतो. पानाची भाषा मराठी असल्याचेही कोडमध्ये नोंदवावे. ही नोंद असली, तर ज्या फॉण्टांत तशी सोय केलेली असते, ते ल आणि श यांची मराठी वळणे दाखवतात, हिंदी वळणे नव्हेत. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ किंवा नावातच मराठी असलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ यांसारखे मुक्त परवान्याचे फॉण्ट आता पानाबरोबर पाठवता येतात. दोन ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षरांतील अंतर वाढवण्याचा गुणधर्म देवनागरीला कधीही लावू नये. त्याने शिरोरेषा तुटते.

फाइलींची नावे बदलून मराठी करण्याचा उत्साह आवरावा. जुने पत्ते कोणाच्या तरी निमंत्रणपत्रिकेवर, अहवालात छापलेले असतात. ते होते तसेच राहू द्यावेत.

टेम्पलेट: जपण्यासारखी गोष्ट

डीडब्ल्यूटी प्रत्ययाच्या टेम्पलेट फाइली आणि एलबीआय प्रत्ययाच्या लायब्ररी फाइली नव्या आवृत्तीतही चालतात. टेम्पलेटमध्ये काही भाग संपादनासाठी मोकळे आणि बाकीचे कुलूपबंद असतात. ही विभागणी पानाच्या कोडमध्ये टिप्पणीच्या रूपाने लिहिलेली असते. टेम्पलेट बदलून जतन केले की ड्रीमवीव्हर सर्व पानांचा कुलूपबंद भाग नव्याने लिहिते आणि मोकळा भाग तसाच ठेवते. याचा अर्थ असा की रूपांतर झालेला मजकूर मोकळ्या भागात सुरक्षित ठेवून संपूर्ण संकेतस्थळाचे बाह्यरूप एका फाइलीतून बदलता येते. आपण हा सारा उद्योग करतो आहोत तो मुख्यतः या सोयीसाठी.

मात्र मोकळ्या भागांची नावे बदलू नयेत. नाव बदलले किंवा एखादा भाग टेम्पलेटमधून काढला, तर ड्रीमवीव्हर नावे जुळत नसल्याचे सांगणारी खिडकी उघडते आणि जुना मजकूर कोणत्या नव्या भागात न्यायचा, असे विचारते. त्या यादीत ‘नोव्हेअर’ असाही एक पर्याय असतो. मी एकदा एका वाचनालयाचे काम करताना ‘पुढे पाहू’ अशा समजुतीने तो निवडला आणि चौदा पानांवरील दिवाळी अंकांच्या याद्या त्या क्षणी पुसल्या गेल्या. ‘नोव्हेअर’ म्हणजे ‘नंतर’ नव्हे. बाहेरच्या डिस्कवर नक्कल होती म्हणून त्या याद्या वाचल्या.

दुसरी अडचण दुव्यांची येते. टेम्पलेट स्वतः ‘टेम्पलेट्स’ फोल्डरमध्ये असल्यामुळे त्यातील दुवे त्या जागेवरून मोजलेले असतात आणि पाने तयार करताना ड्रीमवीव्हर ते सुधारून घेते. म्हणून टेम्पलेटमध्ये दुवा हाताने टंकण्याऐवजी फोल्डरच्या चिन्हावर टिचकी मारून फाइल निवडावी. शिवाय टेम्पलेट बदलण्यापूर्वी हेही तपासावे की मधल्या काळात कोणी पानांचा कुलूपबंद भाग दुसऱ्या संपादकात जाऊन बदलला आहे का. तसे असेल, तर अद्ययावत करताना तो बदल नाहीसा होईल. एखादे पान मुखपृष्ठासारखे अगदीच निराळे असेल, तर ते टेम्पलेटपासून सोडवून स्वतंत्र ठेवलेले बरे.

मांडणी

जुने पान कोडमध्ये पाहिले की टेबलाच्या आत टेबल, त्याच्या आत आणखी एक टेबल आणि रकाने ताणून धरायला घातलेली एक पिक्सेलची पारदर्शक चित्रे दिसतात. रुंदी ७६० ते ७८० पिक्सेलच्या आसपास ठरवलेली असते, कारण तेव्हाचा पडदा ८०० पिक्सेल रुंद होता. काही पानांवर टेबलांऐवजी ‘लेयर’ असतात. सीएस३ मध्ये त्यांचे नाव ‘एपी एलिमेंट’ झाले, आणि सीसी, म्हणजे २०१३ पासूनच्या वर्गणीच्या, आवृत्त्यांत ते हाताने ओढून काढण्याची सोयही गेली.

हे टेबल एकेक करून नव्या मांडणीत बदलत बसू नये. टेम्पलेटची एक प्रत घेऊन तिचा कुलूपबंद भाग पूर्णपणे रिकामा करावा, मोकळे भाग नावांसह शाबूत ठेवावेत आणि त्यांच्याभोवती एचटीएमएल५ मधील ‘हेडर’, ‘नॅव्ह’, ‘मेन’ आणि ‘फूटर’ या टॅगांची साधी चौकट लिहावी. पानाच्या गुणधर्मांतून दस्तऐवजाचा प्रकार एचटीएमएल५ करावा. मग डोक्याच्या भागात व्ह्यूपोर्टची एक ओळ घालावी. ही ओळ नसली, तर मोबाइलवरील ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरतो आणि सारे काही मुंगीएवढे दाखवतो. मोबाइलसाठी एक रकाना, रुंद पडद्यासाठी दोन रकाने, एवढी मांडणी संस्थेच्या संकेतस्थळाला पुरते आणि ती सीएसएस ग्रिडच्या पाच-सहा ओळींत बसते. शुल्काचा तक्ता, वर्गांचे वेळापत्रक, वर्गणीदारांची यादी यांसाठी टेबल ठेवायलाच हवे. टेबल वाईट नव्हते, ते चुकीच्या कामाला जुंपले होते.

आता फॉण्ट टॅग काढायला हरकत नाही. ‘क्लीन अप एचटीएमएल’ च्या खिडकीत ठरावीक टॅग काढण्याचा रकाना आहे, त्यात त्या टॅगचे नाव लिहून आज्ञा चालवावी. जुन्या ड्रीमवीव्हरने आपल्या मनाने तयार केलेल्या ‘स्टाइल१’, ‘स्टाइल२’ अशा नावांच्या शैलीही काढून टाकाव्यात. त्यांना नवी नावे देत बसण्यात अर्थ नाही. नव्या शैली एकाच सीएसएस फाइलीत लिहाव्यात. पूर्वीच्या ‘सीएसएस स्टाइल्स’ पट्टीची जागा २०१३ पासून ‘सीएसएस डिझायनर’ ने घेतली आहे. त्यात आधी फाइल, मग पडद्याची रुंदी, मग निवडक (नियम कोणत्या घटकाला लावायचा ते सांगणारा भाग), मग गुणधर्म असा वरून खाली उतरत जाणारा क्रम असतो. एखादी चौकट वगळून पुढे गेलात, तर नियम भलत्याच ठिकाणी लिहिला जातो.

जे सोडून द्यायचे

फ्लॅशमधील मेनू, हलणारी पाटी आणि बटणे यांना आता वाचक उरलेला नाही. ॲडोबीने फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद केला. त्यांच्या जागी साध्या दुव्यांची यादी ठेवावी. स्प्राय हा सीएस३ बरोबर आलेला मेनू-पट्ट्यांचा संच सीसी आवृत्तीत काढून टाकला गेला. जुन्या पानांवर तो अजून चालतो, पण त्याला ड्रीमवीव्हरमधून हात लावता येत नाही, तेव्हा टेम्पलेट बदलताना तोही जाऊ द्यावा. एकाच खिडकीत अनेक पाने शेजारी दाखवणारी फ्रेमसेटची पाने असतील, तर डावीकडची यादी टेम्पलेटमध्ये न्यावी आणि उजवीकडचे प्रत्येक पान स्वतंत्र करावे.

डेटाबेसवर चालणाऱ्या पानांबाबत सावध राहावे. जुन्या ड्रीमवीव्हरचे ‘सर्व्हर बिहेविअर्स’ वापरून केलेल्या पीएचपी पानांत मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जी जुनी आज्ञावली असते, ती पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ च्या अखेरीस, काढून टाकण्यात आली. होस्टिंग कंपनीने सर्व्हर अद्ययावत केला की अशी पाने कोरी दिसू लागतात. ती ठिगळे लावून चालवण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये. अभिप्रायवही असेल तर ती बंद करावी; ग्रंथसूची असेल तर तिचा तक्ता निर्यात करून घ्यावा, त्यातील मजकूरही जुन्याच फॉण्टात असण्याची शक्यता लक्षात ठेवावी आणि पुढचे काम जाणत्या प्रोग्रॅमरकडे द्यावे.

चित्रांबद्दल थोडेसे. मराठी शीर्षके बहुधा चित्रांच्या रूपात असतात, कारण फॉण्टाचा प्रश्न टाळण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग होता. आता ती शीर्षके मजकूर म्हणून लिहावीत. बोधचिन्ह किंवा छायाचित्र पुन्हा काढायचे असेल आणि मूळ फाइल फायरवर्क्सची असेल, तर ध्यानात ठेवावे की फायरवर्क्सचा विकास २०१३ मध्ये थांबला आणि फोटोशॉपमध्ये ती पीएनजी फाइल उघडली, तर तिचे थर वेगळे मिळत नाहीत. फोटोशॉपमधील ‘सेव्ह फॉर वेब’ आता निर्यातीच्या उपमेनूत ‘लेगसी’ या शेपटीसह आहे. रोजच्या कामाला ‘एक्स्पोर्ट ॲज’ पुरेसे होते.

सर्व्हरवर चढवणे

जुन्या नोंदीत फाइली सर्व्हरवर पाठवण्याची साधी एफटीपी पद्धत असते, आणि तीत पासवर्ड उघड्यावरून जातो. होस्टिंग देणाऱ्याकडे एसएफटीपी हे तिचे सुरक्षित रूप आहे का, ते विचारून साइटच्या नोंदीत तोच प्रकार निवडावा. ‘टेम्पलेट्स’, ‘लायब्ररी’ आणि नोट्सची फोल्डरे सर्व्हरवर जाण्याचे कारण नाही. फाइलींच्या पट्टीत पहिल्या दोन फोल्डरांवर ‘क्लोकिंग’ लावून ठेवले की ती आपोआप वगळली जातात; नोट्स चढवण्याचा पर्याय साइटच्या नोंदीतील ‘डिझाइन नोट्स’ मध्ये बंद करावा.

पहिल्या दिवशीच जुन्या पानांवर नवी पाने लादू नयेत. सर्व्हरवर ‘चाचणी’ अशा अर्थाचे एखादे रोमन नावाचे फोल्डर करून सारे काही तेथे चढवावे आणि संस्थेतील दोन-तीन माणसांना त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर पाहायला सांगावे. त्यांपैकी एक तरी व्यक्ती साठी ओलांडलेली असावी. अक्षर लहान आहे, हे तीच पहिल्यांदा सांगते. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असेल, तर टेम्पलेटमध्ये कोठे साध्या एचटीटीपीने सुरू होणारा चित्राचा किंवा फॉण्टाचा पत्ता उरला आहे का, हे शोधून घ्यावे, कारण असा पत्ता ब्राउझर अडवू शकतो.

चाचणी पुरी झाल्यावर मुख्य जागी चढवताना ‘सिंक्रोनाइझ’ ही आज्ञा वापरता येते. तिच्या खिडकीत, आपल्या संगणकावर नसलेल्या फाइली सर्व्हरवरूनही पुसण्याचा एक चौकोन असतो. तो मोकळा ठेवावा. लेखापरीक्षणाचे जुने अहवाल, कोणीतरी थेट चढवलेली निवडणुकीची सूचना, असे बरेच काही सर्व्हरवर असते आणि त्याची प्रत दुसरीकडे कोठेही नसते. टेम्पलेट बदलल्यामुळे प्रत्येक पान बदललेले असते, म्हणून काही निवडक पाने न चढवता सर्वच पाने एकदम चढवावीत. नाहीतर अर्धे संकेतस्थळ जुन्या रूपात आणि अर्धे नव्या रूपात दिसते. शेवटी ‘साइट’ मेनूतून दुव्यांची तपासणी चालवावी, तुटलेल्या दुव्यांची यादी जतन करावी आणि साइटची नवी नोंद पासवर्डाशिवाय निर्यात करून ती एसटीई फाइल, टेम्पलेट आणि ही यादी संस्थेच्या सचिवांकडे एका फोल्डरमध्ये द्यावी. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात द्यावा.